वाचकांचे प्रश्न : प्रबोधनकाळातील निसर्गाचे छापील ठसे

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१९-२० मध्ये आणि त्यानंतर व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात प्रबोधनकाळातील एचिंगचे, म्हणजे आम्लाने धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यावरून छापलेल्या चित्रांचे (ठशांचे), मोठे प्रदर्शन भरले, आणि तेव्हापासून या विषयावरची पत्रे आमच्याकडे येत राहिली आहेत. काही वाचकांनी अशी प्रदर्शने प्रत्यक्ष पाहिली आहेत, तर काहींनी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती चित्रे न्याहाळली आहेत. त्यांतले निसर्गचित्रांविषयीचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : निसर्गदृश्यांच्या जुन्या ठशांच्या एका प्रदर्शनात अल्टडॉर्फर या जर्मन चित्रकाराची तळहाताएवढी काही एचिंग मानाच्या जागी लावली होती. झाडे, डोंगर आणि एखादे घर यांपलीकडे मला त्यांत काहीच दिसले नाही. त्यांना एवढे महत्त्व का दिले जाते?

उत्तर : त्यांत झाडे, डोंगर आणि घरे यांपलीकडे काहीही नाही हे आपण अचूक टिपले आहे, आणि त्यांचे महत्त्व नेमके त्यातच आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपीय चित्रांत निसर्ग भरपूर होता, पण तो कोणाच्या तरी मागे उभा असे. पुढे मेरी आणि बालयेशू, एखादा संत, शिकार किंवा लढाई, आणि मागे नदी, कडे, आकाश, अशी मांडणी ठरलेली होती. अँटवर्पच्या योआखिम पातिनीरने ही मागची बाजू इतकी विस्तारली की त्याच्या चित्रात संत शोधून काढावा लागतो. १५२१ मध्ये नेदरलँड्सच्या प्रवासात असलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने आपल्या रोजनिशीत त्याचा उल्लेख चांगला निसर्गचित्रकार असा केला आहे. तरीही पातिनीरच्या चित्रांत धर्मकथेचा धागा टिकून राहिलाच.

निव्वळ निसर्ग कागदावर उतरवण्याची ओढ त्याआधीही होती. लिओनार्दोने काढलेल्या आर्नो नदीच्या खोऱ्याच्या रेखाटनावर ५ ऑगस्ट १४७३ ही तारीख आहे, आणि ड्यूररने १४९० च्या दशकात आल्प्सच्या प्रवासात केलेली जलरंगचित्रे आजही ताजी वाटतात. पण ही कामे चित्रकाराच्या स्वतःच्या अभ्यासासाठी होती, ती त्याच्या कार्यशाळेतच राहत. ठसा मात्र अनेकांच्या हाती जावा म्हणूनच काढला जातो. दान्यूब नदीकाठच्या रेगेन्सबुर्ग शहरातील आल्ब्रेख्ट अल्टडॉर्फरने १५२० च्या सुमारास नऊ लहान निसर्गदृश्ये एचिंगने छापली, त्यांवर मोठ्या ‘ए’ अक्षराच्या पोटात लहान ‘ए’ अशी आपली मुद्रा घातली, आणि त्या नऊ दृश्यांत एकाही माणसाला जागा दिली नाही. निसर्ग हाच ज्यांचा विषय आहे असे युरोपातले हे पहिले छापील ठसे मानले जातात. त्याच सुमारास त्याने माणसाविना, कथेविना निसर्गाची रंगचित्रेही केली. त्यांतले पायपुलाचे एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

हे स्वातंत्र्य निसर्गाला कागदावर आणि लहान आकारात आधी मिळाले, हा मला योगायोग वाटत नाही. चर्चच्या वेदीवरचे किंवा दरबाराचे चित्र हे मागणी आल्यावर, विषय ठरवून आणि रीतसर करार करून काढले जाई, आणि असा विषय ठरवणारा ग्राहक रिकामे रान मागणे संभवत नव्हते. तळहाताएवढ्या पत्र्याला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने एक प्रयोग करून पाहावा आणि तो कोणाला आवडला तर विकावा, इतकी मोकळीक त्या माध्यमात होती.

पुन्हा संधी मिळाली तर त्या नऊपैकी जुळ्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांचे दृश्य जवळून पाहावे. ते जेमतेम ११ सेंटिमीटर उंच आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. झाडांच्या लोंबत्या फांद्या अल्टडॉर्फरने सुईसारखे एकेक पान काढून रेखाटलेल्या नाहीत. आकड्यासारख्या वळणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या, पुन्हा उचलून घेतलेल्या छोट्या रेषांनी त्या उभ्या केल्या आहेत, आणि त्यामुळे झाडावर शेवाळ लोंबत असल्यासारखे ओले जडत्व येते. नजर मागे सरकली की रेषांची गर्दी ओसरते, आणि दूरचे डोंगर मोजक्याच रेषांत संपतात. छायेचा एकही सलग पट्टा न वापरता, केवळ रेषांची दाटी कमी-जास्त करून त्याने कित्येक कोसांचे अंतर निर्माण केले आहे. या दृश्यांचे ठसे आज फार थोडे उरले असून काहींवर हाताने जलरंगही लावलेले आढळतात. म्हणूनच प्रदर्शनात त्यांना मानाची जागा मिळते.

प्रश्न : छापील चित्राला ‘मूळ कलाकृती’ म्हणणे योग्य आहे का? एकाच चित्राच्या प्रती चार संग्रहालयांत असतील तर खरी कोणती?

उत्तर : चारही खऱ्या. चित्रकाराने किंवा त्याच्या देखरेखीखालच्या कारागिराने पत्रा अथवा लाकडी ठोकळा तयार केला तो छापण्यासाठीच, त्यामुळे त्यावरून निघालेला प्रत्येक ठसा ही मूळ कलाकृतीच असते. पण सगळे ठसे सारखे नसतात. तांब्याचा पत्रा प्रत्येक छपाईच्या दाबाखाली थोडाथोडा झिजतो. पहिल्या ठशांत रेषा भरदार आणि काळ्याभोर असतात, तर नंतरच्यांत बारीक रेषा आधी पुसट होतात आणि मग नाहीशा होतात. निसर्गदृश्यात याचा फटका दूरच्या डोंगरांना आणि आकाशाला बसतो, कारण तेच सर्वांत नाजूक रेषांत काढलेले असते. झिजलेल्या पत्र्यावरच्या ठशात चित्राची खोलीच हरवते. पत्र्यात मधेच फेरफार करून पुन्हा छापलेले ठसेही असतात, आणि अशा प्रत्येक टप्प्याला चित्राची ‘अवस्था’ म्हणतात. चित्राजवळच्या फलकावर ‘दुसरी अवस्था’ असे लिहिलेले असते ते यासाठी.

नक्कल ही वेगळी गोष्ट. दुसऱ्याने नवा पत्रा कोरून तेच चित्र पुन्हा काढले तर ती नक्कल ठरते, आणि त्या काळी अशी उसनवारी सर्रास चाले. मार्कांतोनिओ राइमोंदी या इटालियन कलावंताने १५१० मध्ये मायकेलअँजेलोच्या एका युद्धचित्राच्या आराखड्यातील नदीतून वर चढणारे सैनिक कोरले. त्यांच्यामागे घालायला त्याला निसर्ग हवा होता, तो त्याने लुकास व्हान लायडन या डच कलावंताच्या १५०८ च्या एका ठशातून जसाच्या तसा घेतला. इटालियन देहांच्या मागे उत्तर युरोपातली झाडे आणि घरे उभी राहिली. त्या काळच्या निसर्गचित्रणाचा विचार करताना हे उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण निसर्ग कसा काढावा यासाठी इटलीने उत्तरेकडे पाहिल्याचा हा छापील पुरावा आहे.

प्रश्न : एचिंग, एनग्रेव्हिंग आणि वुडकट यांतला फरक चित्र पाहून ओळखता येतो का? काचेपलीकडून सगळेच काळ्या रेषांचे दिसते.

उत्तर : ओळखता येतो, आणि ओळखता येऊ लागला की प्रदर्शन पाहण्याची रीतच बदलते. त्यासाठी रेषा कशी तयार झाली हे आधी समजून घ्यावे.

वुडकटमध्ये लाकडी ठोकळ्यावर रेषा सोडून बाकीचा भाग कोरून काढतात. उठावात राहिलेल्या रेषांना शाई लागते. या रेषा ठळक असतात, त्यांच्यातली मोकळी जागा कोरणाऱ्याच्या हत्याराने ठरते, आणि पुष्कळदा कागदाच्या मागच्या बाजूला रेषांचा दाब हाताला जाणवतो. एनग्रेव्हिंगमध्ये उलट आहे. तिथे ब्युरिन नावाचे टोकदार पोलादी हत्यार तळव्याने पुढे रेटून तांब्याच्या पत्र्यात चरा पाडतात, चऱ्यांत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढतात. हत्यार पत्र्यात शिरते तेव्हा चरा उथळ असतो, मध्ये खोल जातो आणि बाहेर पडताना पुन्हा उथळ होतो. म्हणून एनग्रेव्हिंगची रेषा दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली दिसते. ती शिस्तबद्ध असते, कारण वळण घ्यायचे तर बहुधा पत्राच फिरवावा लागतो.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा किंवा रोगणाचा आम्लरोधक लेप देतात आणि त्या लेपावर सुईने चित्र काढतात. सुईला धातू कापावा लागत नाही, ती फक्त लेप खरवडते. नंतर पत्रा आम्लात ठेवला की उघडा पडलेला धातू तेवढा झिजतो आणि रेषा तयार होते. हात कागदावर लेखणी चालवावी इतका मोकळा राहतो. रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखी असते, टोके बोथट असतात, आणि भिंगातून पाहिले तर कडा किंचित खरबरीत दिसतात, कारण आम्ल हत्यारासारखे सरळ कापत नाही.

निसर्गचित्रणाशी एचिंगची गाठ पडली ती याच मोकळेपणामुळे. पाने, शेवाळ, ढग, खडबडीत खोड यांना ठरीव वळणाची रेषा मानवत नाही. मानवी देहाची गोलाई दाखवायला एनग्रेव्हिंगच्या समांतर रेषा उत्तम, पण वाऱ्यावर हलणाऱ्या झुडपाला भटकणारी रेषा लागते. शिवाय एनग्रेव्हिंग शिकायला सोनाराच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे उमेदवारी करावी लागे, तर एचिंग ज्याला रेखाटता येते अशा कोणत्याही चित्रकाराला लवकर जमे.

तंत्राचा उगम मात्र निसर्गापासून फार दूर होता. चिलखतांवर आम्लाने नक्षी कोरण्याची कला कारागिरांना आधीपासून अवगत होती. ऑग्सबुर्गचा डॅनियल हॉप्फर हा असाच चिलखतांवर नक्षी करणारा, आणि १५०० च्या सुमारास त्याने तेच तंत्र कागदावर छापण्यासाठी वापरले. तारीख घातलेले सर्वांत जुने एचिंग स्वित्झर्लंडच्या उर्स ग्राफचे, १५१३ मधले आहे. हे आरंभीचे पत्रे लोखंडाचे होते, आणि लोखंड गंजते. त्यामुळे उशिरा काढलेल्या ठशांत आकाशात किंवा पाण्यावर काळसर ठिपके आणि डाग दिसतात. ते ढग किंवा पक्षी नसून गंजाच्या खुणा आहेत, आणि त्या एकदा ओळखता आल्या की लोखंडी पत्रा दुरूनही सापडतो. लुकास व्हान लायडनने १५२० मध्ये तांब्याच्या पत्र्यावर एचिंग आणि एनग्रेव्हिंग यांचा मेळ घातला. तांब्यावर रेषा अधिक स्वच्छ उतरते, आणि पुढे हाच धातू रूढ झाला.

ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात सहाच एचिंग केली, सगळी लोखंडावर, आणि मग हे तंत्र सोडून दिले. त्यांतले शेवटचे, १५१८ चे, निसर्गदृश्य आहे. उंचावरून दिसणारे विस्तीर्ण खोरे, त्यात एक गाव आणि चर्चचा मनोरा, आणि समोर न्यूरेम्बर्ग शहराचे चिन्ह असलेली एक अवजड तोफ, असे ते चित्र आहे. तोफेजवळ तुर्की वेशातला पुरुष उभा आहे. तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याच्या धास्तीचा तो काळ होता. हे चित्र मला ड्यूररच्या एनग्रेव्हिंगइतके रेखीव वाटत नाही, पण खोऱ्यातली दृष्टी जिथवर जाते ती सगळी जागा त्याने ज्या सहजतेने मोकळी सोडली आहे, तशी त्याच्या एनग्रेव्हिंगमध्ये क्वचितच आढळते.

प्रश्न : अशा प्रदर्शनांची दालने इतकी अंधारी का ठेवतात? चित्रे नीट दिसत नाहीत, मग लावायची कशाला?

उत्तर : कागदावरच्या कलाकृतींसाठी प्रकाशाची पातळी साधारणतः ५० लक्सपर्यंतच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) ठेवण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे. कोळशाच्या काजळीपासून केलेली काळी शाई प्रकाशाला पुरून उरते, पण कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि हाताने लावलेले रंग उडतात. झालेली हानी भरून येत नाही. म्हणून हे ठसे काही महिनेच भिंतीवर राहतात आणि नंतर दीर्घकाळ पेट्यांत विश्रांती घेतात. दालनात शिरल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, डोळे सरावतात, आणि मग ५० लक्समध्येही रेषा स्पष्ट दिसतात.

प्रश्न : पीटर ब्रॉयगलच्या नावाने लावलेल्या आल्प्सच्या दृश्यांखाली ‘कोरणारे : व्हान डूटेकुम बंधू, प्रकाशक : हिरोनिमस कॉक’ असे लिहिले होते. मग ब्रॉयगलने नेमके काय केले? आणि त्याच दालनातील खेड्यांच्या लहान दृश्यांना चित्रकाराचे नावच का नव्हते?

उत्तर : ब्रॉयगल या नेदरलँड्सच्या चित्रकाराने रेखाटने केली. साधारण १५५२ ते १५५४ या काळात तो इटलीला जाऊन आला आणि जाता-येता आल्प्स पाहून आला. तो अँटवर्पला परतल्यावर कॉकने त्याच्याकडून मोठ्या निसर्गदृश्यांची मालिका करून घेतली. १५५५-५६ च्या सुमारास निघालेल्या या मालिकेत बारा ठसे आहेत, आणि प्रत्येक साधारण ३२ सेंटिमीटर उंच आणि ४२ सेंटिमीटर रुंद असल्यामुळे अल्टडॉर्फरच्या दृश्यांपुढे ते प्रचंड वाटतात. योहान्नेस आणि लुकास व्हान डूटेकुम या भावांनी ती रेखाटने पत्र्यावर उतरवली. त्यांची हातोटी अशी की आम्लाने केलेल्या रेषेला ब्युरिनची पुस्ती देऊन ते तिला एनग्रेव्हिंगचे रूप देत, आणि जाणकारही त्यात फसत. रेखाटणारा एक, पत्रा करणारा दुसरा, छापणारा आणि विकणारा तिसरा, ही विभागणी कॉकच्या छापखान्यात पक्की झालेली होती. पुष्कळ ठशांच्या तळाशी या सर्वांची नावे वेगवेगळ्या लॅटिन क्रियापदांसह येतात. काढले, कोरले, प्रकाशित केले असा त्यांचा अर्थ असून, त्यांवरून कामाची वाटणी लगेच कळते.

कॉकने १५४८ च्या सुमारास अँटवर्पमध्ये ‘चार वारे’ या नावाने हे दुकान थाटले होते. आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत महत्त्वाच्या ठसाप्रकाशकांत त्याची गणना होते. १५७० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी फोल्क्सकेन डीरिक्स हिने १६०० पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, हा व्यवसाय चालवला. प्रदर्शनांच्या फलकांवर तिचे नाव क्वचितच असते, आणि ते असायला हवे, कारण पत्रे जपणे आणि त्यांवरून पुन्हा ठसे काढणे हे काम तिने केले नसते तर यांतली कित्येक दृश्ये इतक्या संख्येने आपल्यापर्यंत पोचली नसती.

स्वतःच्या हाताने ब्रॉयगलने एकच एचिंग केले, १५६० मधले सशांच्या शिकारीचे. त्यासाठी त्याने केलेले रेखाटनही उपलब्ध आहे, आणि छपाईत डावे-उजवे उलटत असल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवली की आरशातल्यासारखी दिसतात. एक शिकारी धनुर्यंत्र रोखून सशांवर नेम धरतो आहे, आणि त्याच्या मागे झाडाआड भाला घेतलेला दुसरा माणूस आहे. हा दुसरा कोणाच्या मागावर आहे, हा प्रश्न चित्र सोडवत नाही. त्यांच्यापलीकडे नदीचे खोरे पसरलेले आहे. हे खोरे ठिपक्यांनी आणि तुटक, अगदी आखूड रेघांनी काढलेले आहे, जणू हवेतली झळाळीच नोंदवायची होती. व्हान डूटेकुम बंधूंनी हेच दृश्य नीटनेटक्या समांतर रेषांत बसवले असते. बारा मोठी दृश्ये आणि हे एकमेव एचिंग एकाच दालनात असतील तर आधी ती, मग हे, असे पाहावे. चित्रकाराचा स्वतःचा हात आणि कुशल कारागिराने केलेले त्याचे रूपांतर यांतला फरक इतका स्पष्ट दुसरीकडे दिसणे कठीण.

आता निनावी दृश्यांविषयी. १५५९ आणि १५६१ मध्ये कॉकने ‘लहान निसर्गदृश्ये’ म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या दोन मालिका काढल्या. दोन्ही मिळून ४४ ठसे आहेत. त्यांत आल्प्स नाहीत, कडे नाहीत, संत नाहीत. अँटवर्पच्या आसपासच्या ब्राबांत प्रांतातील गवताने शाकारलेली घरे, गोठे, डबकी, कुंपणे आणि चिखलाचे रस्ते आहेत, आणि ती सगळी रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून दिसतात. ब्रॉयगलसारखा गरुडाच्या उंचीवरचा दृष्टिकोन इथे नाही. शीर्षकपृष्ठावर ही दृश्ये प्रत्यक्ष पाहून काढल्याचे सांगितले आहे, पण चित्रकाराचे नाव दिलेले नाही. ठिकाण ओळखीचे असणे हेच विक्रीला पुरेसे आहे, असा प्रकाशकाचा हिशेब असावा.

पुढे ही निनावी दृश्ये नाव शोधत राहिली. १६०१ मध्ये अँटवर्पच्या गाले कुटुंबाने ती पुन्हा काढली तेव्हा कॉर्नेलिस कॉर्ट या कलावंताचे नाव जोडले, आणि १६१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या क्लास यान्झ फिसरने त्यांतल्या काहींच्या नव्या प्रतिकृती काढताना ती ब्रॉयगलची म्हणून विकली. आजचे अभ्यासक दोन्ही नावे मानत नाहीत आणि चित्रकाराला ‘लहान निसर्गदृश्यांचा कलावंत’ एवढेच म्हणतात. पण या पुनःप्रकाशनाची मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाजू वेगळीच आहे. १५५९ आणि १६०१ यांच्या दरम्यान नेदरलँड्सचे स्पेनविरुद्धचे युद्ध पेटले, १५८५ मध्ये वेढ्यानंतर अँटवर्प पडले, आणि भोवतालचा ग्रामीण मुलूख उद्ध्वस्त झाला. कॉकच्या ग्राहकांसाठी ही शहराबाहेरची रोजची घरे होती. १६०१ च्या ग्राहकाने तेच ठसे विकत घेतले तेव्हा त्यांतली कित्येक ठिकाणे तशी उरलेली नव्हती. दृश्ये तीच राहूनही त्यांचा अर्थ बदलला. डच चित्रकारांनी सतराव्या शतकात साधे रस्ते आणि वाळूचे उंचवटे रंगवायला घेतले त्यामागे या लहान दृश्यांची प्रेरणा मोठी आहे.

प्रश्न : या चित्रांतली ठिकाणे खरी आहेत का? आज तिथे जाऊन ती ओळखता येतील का?

उत्तर : काही खरी, बरीचशी जुळवलेली. ब्रॉयगलच्या बारा दृश्यांत रोमजवळच्या तिवोलीच्या धबधब्याचे दृश्य प्रत्यक्ष ठिकाणाचे आहे, पण बहुतेक दृश्यांत आल्प्सचे कडे आणि नेदरलँड्सचा सपाट प्रदेश त्याने एकाच चौकटीत आणले आहेत. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या कारेल व्हान मांडरने १६०४ मध्ये लिहिले की ब्रॉयगलने आल्प्समध्ये डोंगर आणि खडक गिळले आणि घरी आल्यावर ते चित्रफलकांवर ओकून टाकले. वर्णन रांगडे आहे, पण पाहिलेले आधी पचवून मग मांडण्याची त्याची पद्धत त्यातून नेमकी कळते. न्यूरेम्बर्गचा आउगुस्टिन हिर्शफोगेल याचे उदाहरण याहून वेधक आहे. त्याने १५४० च्या दशकात नदीकाठच्या वाड्यांची आणि डोंगरांची अनेक लहान एचिंग केली. ती पाहून जागा खऱ्या वाटतात, पण बहुतांशी कल्पनेतल्या आहेत. हाच माणूस उत्तम नकाशाकारही होता, आणि त्याने मोजमाप करून काढलेला व्हिएन्ना शहराचा आराखडा प्रसिद्ध आहे. कुठे मोजायचे आणि कुठे मनाने रचायचे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

एचिंगचा वापर केवळ नोंद ठेवण्यासाठी झाल्याचे एक उदाहरण मात्र अस्वस्थ करणारे आहे. फेब्रुवारी १५१९ मध्ये रेगेन्सबुर्गच्या नगरसभेने शहरातील ज्यूंना हाकलून दिले आणि त्यांचे प्रार्थनास्थळ पाडले. अल्टडॉर्फर त्या नगरसभेचा सदस्य होता. पाडण्याआधी त्याने आत जाऊन त्या वास्तूची मोजदाद केल्यासारखी दोन एचिंग केली, एक प्रवेशदालनाचे आणि एक आतल्या सभागृहाचे, आणि सभागृहाच्या चित्रावर विध्वंसाचा उल्लेख देवाचा न्याय म्हणून कोरला. ज्या हाताने वर्षा-दोन वर्षांत निर्मनुष्य अरण्याची ती नऊ दृश्ये काढली, त्याच हाताची ही कामे आहेत. नऊ निसर्गदृश्यांच्या प्रदर्शनात ही दोन काही वेळा शेजारी लावतात. ती लावणे मला आवश्यक वाटते, कारण अल्टडॉर्फरची रिकामी राने पाहताना ती कोणत्या शहरात आणि कोणत्या काळात काढली गेली हे प्रेक्षकाला माहीत असले पाहिजे.

प्रश्न : त्या काळी लोक हे ठसे घरात भिंतीवर लावत असत का?

उत्तर : काही लावत, पण बरेचसे ठसे हातात धरून, मेजावर ठेवून किंवा वहीत चिकटवून पाहिले जात. भिंतीवर लावलेले बहुधा धूर आणि उन्हाने नष्ट झाले, वहीतले टिकले. संग्राहक वहीत बसवण्यासाठी कडा कापून टाकत, म्हणून अनेक जुन्या ठशांना समासच उरलेला नसतो. कोलंबसचा मुलगा फर्नांदो कोलोन याने सेव्हिल येथे ३,००० हून अधिक ठसे जमवले होते. तो संग्रह विखुरला, पण त्याची सूची शिल्लक आहे. तिच्यात ठशांची वर्गवारी आकारावरून आणि चित्रात किती माणसे आहेत यावरून केलेली आहे. १५३९ मध्ये तो वारला, म्हणजे अल्टडॉर्फरच्या दृश्यांनंतर वीसेक वर्षांनीही ठसा ओळखण्याची पहिली खूण त्यातली माणसेच होती. ज्या चित्रात माणूसच नाही, ते त्या काळच्या डोळ्यांना किती अनोळखी वाटले असेल, याचा अंदाज यावरून येतो.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. विद्यार्थ्यांना असे प्रदर्शन दाखवताना काय सांगावे? आणि संगणकाच्या पडद्यावर ही चित्रे मोठी करून पाहता येत असताना प्रत्यक्ष जाण्याची गरज आहे का?

उत्तर : दोन्ही करावे, पण क्रम उलटा ठेवू नये. पडद्यावर अल्टडॉर्फरचे झाड आणि ब्रॉयगलचा पर्वत सारख्याच आकाराचे दिसतात, आणि त्यामुळे या चित्रांविषयीची सर्वांत मोठी गोष्ट, त्यांचे प्रत्यक्ष माप, हरवते. १६ सेंटिमीटरच्या कागदाकडे मान झुकवूनच पाहावे लागते, आणि तसे पाहिल्यावरच त्यातले अंतर खुलते. शिवाय कागदाचा पोत, पत्र्याच्या कडेने कागदात उमटलेला दाब आणि शाईचा किंचित उठाव हे छायाचित्रात उतरत नाहीत. प्रदर्शनानंतर मात्र मेट्रोपॉलिटन, राइक्सम्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संकेतस्थळांवरील मोठी छायाचित्रे जरूर उघडावीत. रेषेची टोके निमुळती की बोथट हे तिथे निवांत पाहता येते.

विद्यार्थ्यांना संपूर्ण प्रदर्शन दाखवण्याचा आग्रह धरू नये. तीन-चारच ठसे निवडावेत आणि त्यांतल्या एकेका तुकड्याची, म्हणजे एका झाडाची किंवा एका कड्याची, पेन्सिलने नक्कल करायला लावावी. बहुतेक संग्रहालयांत दालनात पेन्सिल चालते, शाईचे पेन चालत नाही. भिंगाबाबत आधी विचारून घ्यावे. इटलीच्या डोमेनिको कांपान्योलाच्या वुडकटमधले झाड, हिर्शफोगेलच्या एचिंगमधले झाड आणि ड्यूररच्या एनग्रेव्हिंगमधले झाड, अशी तीन झाडे एकाच पानावर उतरवली की हत्यार बदलले की पान कसे बदलते हे त्यांच्या हातालाच कळते, त्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही. वर्ग लहान असेल तर आणखी एक मार्ग आहे. युरोप-अमेरिकेतील अनेक मोठ्या संग्रहालयांना ठसे आणि रेखाटने यांची अभ्यासिका असते. आधी वेळ ठरवून गेल्यास तिथे मागितलेला ठसा मेजावर आणून देतात. मधली काच नसते आणि घाई करणारी रांगही नसते. अल्टडॉर्फरचे एखादे दृश्य तिथे मागवावे, विद्यार्थ्यांना पाळीपाळीने मेजाशी उभे करावे आणि प्रत्येकाला दूरच्या डोंगरासाठी वापरलेल्या रेषा मोजायला सांगावे.